"द होल नाइन यार्ड्स" आणि आपली नऊवारी: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

गुढीपाडवा जवळ आला की तो फॉरवर्ड फिरायला लागतो. नऊवारी नेसून, नथ घालून, बुलेटवर बसलेली मुलगी, आणि खाली लिहिलेलं असतं की इंग्रज साहेब आपल्या बायकांची नऊ वारांची साडी बघून इतका चाट पडला की त्याने "द होल नाइन यार्ड्स" हा वाक्प्रचारच काढला. मी स्पोकन इंग्लिशचे क्लास घेते त्यामुळे हा फॉरवर्ड मला दरवर्षी किमान सात-आठ जण पाठवतात, अर्धे "खरं आहे का हो मॅडम" म्हणून आणि अर्धे "बघा!!!" म्हणून. आणि आता लपवून काय करू, पहिल्या बॅचला मी स्वतः हेच शिकवलं होतं, तेही फळ्यावर साडीचं चित्र काढून. नंतर एका मुलाने पुरावा मागितला, मी शोधायला बसले, आणि जे सापडलं ते फॉरवर्डपेक्षा भारी निघालं. तेव्हा प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करण्यापेक्षा सगळं एकदाच इथे लिहून ठेवते.

मुळात याचा अर्थ काय?

सगळंच्या सगळं. काही न वगळता, काही हातचं न राखता. अमेरिकन माणूस म्हणेल की लग्नात त्यांनी "द होल नाइन यार्ड्स" केलं, म्हणजे मेहंदी, हळद, संगीत, घोडा, बँड, रिसेप्शन, परत पाठवणीला ड्रोन, काही म्हणजे काही सोडलं नाही. किंवा "मला होल नाइन यार्ड्स सांग" म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत इत्थंभूत सांग, गाळू नकोस. यात नऊ हा आकडा मोजायचा नसतो आणि यार्डही मोजायचे नसतात. आपण "सतरा भानगडी" म्हणतो तेव्हा कोणी सोळा की अठरा ते तपासत नाही, तसंच.

"गोइंग द एक्स्ट्रा माइल" आणि हे एकच का?

नाही, आणि इंटरव्ह्यूला जाणारी मुलं इथेच हमखास गडबडतात. एक्स्ट्रा माइल म्हणजे सांगितलं होतं त्याच्यापेक्षा जास्त करणं, आणि त्याचं मूळ बायबलात आहे, मत्तयच्या शुभवर्तमानात, की कोणी तुला एक मैल चालायची सक्ती केली तर त्याच्याबरोबर दोन मैल जा. नाइन यार्ड्स म्हणजे जेवढं होतं तेवढं पूर्ण करणं. एकात वरचं आहे, दुसऱ्यात पूर्ण आहे.

एका वाक्यात सांगा, नऊवारीवरून आलंय का?

नाही आलं.

असं कसं, वार म्हणजेच यार्ड ना?

हो, वार म्हणजेच यार्ड, तीन फूट, १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार बरोब्बर ०.९१४४ मीटर. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर आणि सहा वार म्हणजे साधारण साडेपाच मीटर, म्हणून दुकानदार सहावारीला "साडेपाच मीटर, ब्लाउजपीस वेगळा" म्हणतो. हिशोब अगदी जुळतो आणि खरी गंमत (आणि खरा घोळ) तिथेच आहे, कारण दोन गोष्टी जुळल्या की एक दुसरीतून आली असं आपल्याला वाटतंच.

मी आज्जीचं एक इरकली लुगडं घरच्या फरशीवर अंथरून सुताराच्या टेपने मोजलंय. एका खोलीत मावलं नाही, पदर हॉलमध्ये आणि दुसरं टोक स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेलं. भरलं ८ मीटर ५ सेंटीमीटर. आत्या शेजारी उभी होती, म्हणाली, "अगं धुऊन धुऊन आटलं असेल, आणि तेव्हा कुठली टेप, दुकानदार हातावर मोजायचा." मग तिने करून दाखवलं, काठ नाकाशी धरायचा, हात आडवा ताणायचा, नाकापासून बोटांच्या टोकापर्यंत एक वार. दुकानदार उंच असला तर गिऱ्हाइकाचा फायदा. म्हणजे नऊवारीतले नऊ वार हे इंचात पक्के कधीच नव्हते, पण ते असो.

आता फॉरवर्डमधला मुद्दा. हा शब्दप्रयोग इंग्रजांनी इथे भारतात उचलला असता तर तो आधी कुठे दिसायला हवा? साहेबांच्या पत्रांत, मुंबईच्या जुन्या इंग्रजी पेपरांत, लंडनमध्ये. १८८६ साली युल आणि बर्नेल या दोघांनी हॉब्सन-जॉब्सन नावाचा जाडजूड कोश काढला, इथल्या गोऱ्या लोकांच्या तोंडी बसलेल्या देशी शब्दांचा, त्यात बारीकसारीक शब्द आहेत पण हा नाही. उलट हा वाक्प्रचार पहिल्यांदा दिसतो तो थेट अमेरिकेत, तिथेही न्यूयॉर्क-बॉस्टनला नाही तर आडगावात, आणि ब्रिटिश लोक तो बऱ्याच नंतर अमेरिकनांकडून शिकले. साडी नेसणारी बाई ज्या गावाने तेव्हा बहुतेक पाहिलीच नसेल त्या गावात तो छापून आलाय.

शिवाय नऊ वार फक्त आपलेच आहेत असंही नाही. तमिळ ब्राह्मण बायकांची मडिसार नऊ गजांचीच असते, आणि तिकडच्या ग्रुपांवर हाच फॉरवर्ड मडिसारच्या फोटोसकट फिरतो! माझ्या चेन्नईच्या मैत्रिणीने पाठवला तेव्हा मी पाच मिनिटं हसत होते.

बरं मग आपल्याकडून इंग्रजीत काहीच गेलं नाही का? :(

रडू नका, गेलंय ना. डंगरी. लहान मुलं घालतात ती, किंवा मेकॅनिकच्या अंगावर असते ती. मुंबईतल्या डोंगरी भागावरून जाड्याभरड्या सुती कापडाला डोंगरी म्हणायचे, साहेबाच्या तोंडी ते डंगरी झालं आणि सतराव्या शतकापासून इंग्रजीत सापडतं. त्या हॉब्सन-जॉब्सनमध्येही आहे. फॉरवर्ड करायचाच असेल तर हा करा, फक्त डंगरी घालून बुलेटवर बसलेल्या मुलीचा फोटो शोधावा लागेल.

सगळ्यात जुना पुरावा कुठला मग?

आता खरी स्टोरी. अमेरिकेत इंडियाना राज्याच्या दक्षिणेला मिचेल नावाचं छोटं गाव आहे, तिथे "मिचेल कमर्शिअल" नावाचा पेपर निघायचा. २ मे १९०७ च्या अंकात बेसबॉल मॅचची बातमी आहे, की आज दुपारी आपली नेहमीची टीम गावातल्या व्यापाऱ्यांच्या टीमशी खेळणार, व्यापारी दमेपर्यंत जितक्या इनिंग्ज होतील तितक्या होतील, पण "फुल नाइन यार्ड्स"ची खात्री देता येत नाही. बेसबॉलमध्ये खेळाडू नऊ, इनिंग्ज नऊ, टीमलाच तेव्हा "नाइन" म्हणायचे, त्यामुळे तिथे नऊवर कोटी केली असेल असं वाटू शकतं. पण पुढच्याच वर्षी, जून १९०८ मध्ये, त्याच पेपरात एका गृहस्थाबद्दल छापलंय की हा मासे पकडायला जाऊन आलाय, त्याच्याकडे मोठी थोरली गोष्ट आहे, ती उभं राहून ऐकायची आमची तयारी नाही, कधीतरी एखादा बेसावध माणूस त्याच्या तावडीत सापडेल आणि त्याला तो "होल नाइन यार्ड्स" ऐकवेल.

हे वाक्य मला फार आवडतं. प्रत्येक गावात असा एक माणूस असतोच, जो पारावर बसलेला असतो आणि ज्याला बघून लोक रस्ता बदलतात.

आणि बघा, पेपरवाल्याने अर्थ समजावून सांगितलेला नाही. म्हणजे वाचकांना तो आधीच माहीत होता, म्हणजे बोलण्यात तो १९०७ च्याही आधीपासून असणार.

सहा यार्डांचं काय ते ऐकलंय कुठेतरी?

बरोबर ऐकलंय. "द होल सिक्स यार्ड्स"! इंडियानाच्या खालीच केंटकी राज्य आहे, तिथल्या "माउंट व्हर्नन सिग्नल" या पेपरात १९१२ साली हा दोनदा आलाय. तेव्हा अमेरिकेत रिपब्लिकन पक्षात थिओडोर रूझवेल्ट आणि टाफ्ट यांची जुंपली होती, एकेकाळचे दोस्त पण उमेदवारीवरून एकमेकांची उणीदुणी काढत होते, त्यावर या पेपरात लिहिलंय की थांबा जरा, भांडण तापू दे, मग हे दोघं एकमेकांबद्दल "होल सिक्स यार्ड्स" सांगतील. त्याच वर्षी दुसऱ्या अंकात बातमीदार म्हणतो की आम्ही गावाला गेलो होतो म्हणून या अंकात सगळ्या बातम्या नाहीत, पुढच्या वेळी होल सिक्स यार्ड्स देऊ. मग १९२१ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या स्पार्टनबर्गमध्ये एका बेसबॉलच्या बातमीला मथळाच आहे, "द होल सिक्स यार्ड्स ऑफ इट".

म्हणजे अमेरिकेत नऊवारीही होती आणि सहावारीही :) हे मी वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एक काकू म्हणाल्या, "आमच्याकडे पण तसंच, सासूबाई नऊवारी, मी सहावारी."

मग खरा आकडा कुठला, सहा की नऊ?

कुठलाच नाही, आणि सगळ्या प्रकरणाची किल्ली हीच आहे असं मला वाटतं. आकडा जर एखाद्या ठरावीक वस्तूवरून आला असता, म्हणजे नऊ यार्डांचा अमुक पट्टा किंवा नऊ यार्डांची तमुक साडी, तर शेजारच्याच राज्यात तो सहा कसा होईल? ज्या म्हणीत आकडा बदलून चालतो त्या म्हणीत आकड्याला अर्थ नसतो, तो फक्त "पुष्कळ" असं सांगायला असतो.

सहा मागे पडून नऊच का टिकला याचंही उत्तर साधं आहे. आकडे फुगतात. इंग्रजीत आनंदात असलेला माणूस "क्लाउड नाइन"वर असतो, पण जुन्या छापील वापरांत तो क्लाउड सेव्हनवर आणि क्लाउड एटवरही बसलेला सापडतो. आणि ताजं उदाहरण म्हणजे २००० साली आपल्या याच वाक्प्रचाराच्या नावाचा एक हॉलिवूड सिनेमा आला, २००४ मध्ये त्याचा सिक्वेल काढला तेव्हा नावात नऊचे दहा यार्ड केले. झालं, तुमच्या डोळ्यांदेखत फुगला.

पण माझे मामा एअरफोर्सला होते, ते म्हणतात मशीनगनचा पट्टा…

ही जगातली सगळ्यात लाडकी थिअरी, अमेरिकेतही. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानातल्या मशीनगनच्या काडतुसांचा पट्टा २७ फुटांचा, म्हणजे नऊ यार्डांचा असायचा, आणि पायलटने शत्रूवर सगळा पट्टा रिकामा केला की तो म्हणायचा "आय गेव्ह हिम द होल नाइन यार्ड्स". ऐकायला झकास. मामांचा मान राखून सांगते, तीन अडचणी आहेत. एक तर पट्ट्याची लांबी विमानागणिक, आणि एकाच विमानात बंदुकीगणिकही वेगळी असायची. दुसरं, दारूगोळा कोणी यार्डात मोजत नाही, राउंडात मोजतात, हे मामांनाच विचारा. तिसरं, युद्धाच्या काळातली पत्रं, डायऱ्या, पेपर, पायलटांची स्लँग, सगळं लोकांनी चाळून झालंय आणि एकदाही हा प्रयोग या अर्थाने सापडलेला नाही.

आणि १९०७ समोर आल्यावर तर विषयच संपला. राइट बंधूंचं पहिलं विमान उडालं डिसेंबर १९०३ मध्ये. मिचेल गावच्या बेसबॉल बातमीदाराला लढाऊ विमानातली मशीनगन कुठून माहीत असणार?

काँक्रीटच्या ट्रकवरून आलंय असं एका इंजिनीअरने सांगितलं

इंजिनीअर मंडळींची ही आवडती. सिमेंट-काँक्रीटच्या मिक्सरच्या ट्रकात नऊ घनयार्ड माल मावतो, सगळा ओतला की होल नाइन यार्ड्स. न्यूयॉर्क टाइम्समध्ये भाषेवर सदर लिहिणारे विल्यम सफायर यांना १९८० च्या दशकात ही पटली होती, त्यामुळे तिचं वजन फार वाढलं. पण १९६४ च्या एका धंद्याच्याच मासिकात दिलंय की थोड्या वर्षांपूर्वीपर्यंत साडेचार घनयार्डांचा मिक्सर हाच नेहमीचा होता आणि १९६२ पर्यंत सरासरी ६.२४ पर्यंत आली. नऊचा ट्रक म्हणजे तेव्हा हत्तीच. बाकी आपल्याकडे ही थिअरी कधीच जन्मली नसती कारण आपला ठेकेदार वाळू-खडी ब्रासमध्ये मोजतो, आणि "मला सगळा ब्रास सांग" असं कोणी म्हणत नाही.

बाकीच्या थिअऱ्या पण सांगा ना

पटापट सांगते, एकेकीवर वेळ घालवण्यासारखं नाही. अमेरिकन फुटबॉल: तिथे दहा यार्ड जावं लागतं, नऊ गेलात म्हणजे कमी पडलात. शिडाची जहाजं: शीड ज्या आडव्या दांड्याला बांधतात त्यालाही यार्ड म्हणतात, तीन डोलकाठ्या गुणिले तीन यार्ड बरोबर नऊ, हिशोब सुंदर आहे पण दांड्यांची संख्या जहाजागणिक बदलते आणि मिचेल गावाला समुद्र नाही. स्कॉटिश लोकांचा घागरा म्हणजे किल्ट: स्कॉटलंडमध्ये जुना वापर सापडत नाही. राल्फ बोस्टनची लांब उडी: १९६१ साली तो २७ फुटांच्या पुढे उडी मारणारा पहिला माणूस ठरला हे खरंच आहे, पण वाक्प्रचाराला उशीर झाला, तो तोपर्यंत पन्नास वर्षांचा होता.

एक मात्र लक्षात ठेवा, शोधताना फसायला होतं. १९४२ मध्ये अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे अ‍ॅडमिरल एमरी लँड "होल नाइन यार्ड्स" असे शब्द बोललेत, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही उडालेच. पण ते जहाजं बांधण्याच्या नऊ कारखान्यांबद्दल बोलत होते, शिपयार्ड! शब्द तेच, गोष्ट निराळी.

जजच्या शर्टाची गोष्ट काय आहे?

ही माझी फेवरेट. ३० जानेवारी १८५५ ला न्यू अल्बनी नावाच्या गावातल्या पेपरात एक विनोदी किस्सा छापून आला, नाव "द जजेस बिग शर्ट". एका जजसाहेबांकडे धड शर्ट नसतात, तीन शर्टांपुरतं कापड आणून शिवायला सांगितलेलं असतं, आणि येतो तो एकच अवाढव्य शर्ट. तेव्हा कपाळाला हात लावून उद्गार निघतात की काय ही मूर्ख बाई, तीन शर्टांचं कापड सांगितलं होतं आणि हिने "होल नाइन यार्ड्स" एकाच शर्टात घातलं!

इथे नऊ यार्ड म्हणजे खरेखुरे नऊ यार्ड कापड. वाक्प्रचार नाही. पण आता नकाशा उघडा. न्यू अल्बनी कुठे आहे? इंडियानाच्याच दक्षिण टोकाला, ओहायो नदीकाठी, नदीपलीकडे केंटकी. मिचेल त्याच भागात, माउंट व्हर्नन केंटकीत. म्हणजे १८५५ चा जोक, १९०७ चा नऊ यार्ड आणि १९१२ चा सहा यार्ड, तिन्ही एकाच पट्ट्यातले. जोकवरून वाक्प्रचार निघाला असं छातीठोक म्हणता येत नाही, मधली ५२ वर्षं कोरी आहेत, पण आपला हात नक्की कुठल्या ताग्यावर आहे ते तरी समजतं: कापडाच्या.

पण गोष्ट सांगण्याचा आणि कापडाचा काय संबंध?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि हाच विचारायला पाहिजे. ते सगळ्यात जुने वापर परत वाचा. माशांची गोष्ट ऐकवणारा, रूझवेल्ट आणि टाफ्ट एकमेकांचं सगळं बाहेर काढणार तो, बातम्या पुढच्या अंकात देणारा. बेसबॉलची मॅच सोडली तर सगळीकडे बोलणंच आहे. बोलणं वारावर मोजलंय.

इंग्रजीला विचित्र वाटेल पण मराठी माणसाला का वाटावं? आपण कंटाळवाण्या लांब बोलण्याला काय म्हणतो? चऱ्हाट. चऱ्हाट म्हणजे दोरखंड हो, गुराला बांधायचं. "काय चऱ्हाट लावलंय" म्हणताना आपण बोलणं दोरासारखं लांबीत मोजत असतो आणि लक्षातही येत नाही. संपता संपत नाही ते मारुतीचं शेपूट. नाहीतर द्रौपदीचं वस्त्र, तिथे तर साक्षात कापडच! इंग्रजीतही गोष्ट सांगणं म्हणजे "स्पिनिंग अ यार्न", सूत कातणं. तेव्हा ज्या भागात कापड यार्डावर विकत घ्यायचे तिथल्या कोणीतरी पाल्हाळ लावणाऱ्याबद्दल म्हटलं असेल की याने आज अख्खा तागा उलगडला, सहा यार्ड किंवा नऊ यार्ड, जसा मूड असेल तसा. हा माझा अंदाज आहे आणि तो अंदाज म्हणूनच घ्या, पण मशीनगनपेक्षा मला तो पुष्कळ जवळचा वाटतो.

म्हणजे साडीवरून नाही आला तरी कापडाच्या दुकानापर्यंत आपण पोचलोच.

१९०७ ला होता तर मग सगळे १९६० चं दशक का सांगतात?

कारण बरीच वर्षं त्याच्या मागचं काही सापडतच नव्हतं. एप्रिल १९६४ मध्ये अमेरिकन पेपरांत अंतराळवाल्यांच्या बोलीभाषेवर एक लेख आला, त्यात दिलंय की "गिव्ह देम द होल नाइन यार्ड्स" म्हणजे एखाद्या प्रोजेक्टचा बारीकसारीक, मुद्देनिहाय रिपोर्ट देणं. मग व्हिएतनाम युद्धातल्या वैमानिकांच्या तोंडी तो होता, त्यामुळे लोकांना वाटलं लष्करातूनच आला. नंतर जुने पेपर स्कॅन होऊन कॉम्प्युटरवर शोधता यायला लागले आणि धडाधड मागचे सापडले. केंटकी राज्याच्या शिकार-मासेमारी खात्याच्या मासिकात १९५६ आणि १९५७ चे सापडले (परत मासेमारी, परत केंटकी), २०१२ मध्ये १९१२ आणि १९२१ चे सहा यार्डवाले, आणि थोड्याच काळात मिचेलचे.

यातलं बरंच काम बॉनी टेलर-ब्लेक या बाईंचं आहे, ज्या नोकरी म्हणून नॉर्थ कॅरोलायनात मेंदूविज्ञानात संशोधन करतात आणि हे फावल्या वेळात, आणि दुसरे येल विद्यापीठाच्या लॉ लायब्ररीतले फ्रेड शपिरो. सहा यार्ड सापडल्यावर आकडा फुगल्याची गोष्ट शपिरोंनीच पुढे आणली. मग १९०७ चा नऊ सापडला आणि सहा आधी, नऊ नंतर ही सरळ रेषाही थोडी वाकडी झाली. मला हे फार आवडतं, की यात कोणी भांडत बसलं नाही, नवा पुरावा आला की मागचं दुरुस्त केलं.

आता एक गंमत सांगते, कारण मीही माणूसच आहे. नासाचे सुरुवातीचे जे सात अंतराळवीर, त्यातला गस ग्रिसम. जन्म १९२६, गाव कुठलं? मिचेल, इंडियाना!! हे वाचलं त्या रात्री मला झोप लागेना. सगळं जुळलं की हो, गावातला पोरगा नासात गेला आणि गावचा शब्द बरोबर घेऊन गेला, आणि १९६४ ला तोच लेखात आला. सकाळी चहा घेताना जाणवलं की मी नवा फॉरवर्ड तयार करतेय. ग्रिसमने हे शब्द नासात नेले याचा माझ्याकडे काडीचाही पुरावा नाही, फक्त गाव एक आहे. नऊवारीचा फॉरवर्ड ज्याने पहिल्यांदा लिहिला त्यालाही त्या रात्री असंच वाटलं असणार.

याला मराठीत काय म्हणायचं?

जागा बघून. सांगण्याबद्दल असेल तर "इत्थंभूत", "अथपासून इतिपर्यंत", आणि रोजच्या बोलण्यात सरळ "ए टू झेड". समारंभाबद्दल असेल तर "साग्रसंगीत", याच्याइतका चपखल दुसरा नाही. मेहनतीबद्दल असेल तर "कसर सोडली नाही". आकडा हवाच असेल तर "सोळा आणे", आणि त्याचं मूळ बघा किती स्वच्छ आहे, रुपयाचे आणे सोळा, म्हणून सोळा आणे म्हणजे पूर्ण. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, आणे गेले, तरी "सोळा आणे खरं" म्हणणारी माणसं अजून आहेत, त्यात आणा कधीही हातात न धरलेली माझी विद्यार्थिनीही आहे. पन्नास-शंभर वर्षांनी कोणीतरी यावरही फॉरवर्ड लिहील की सोळा शृंगारांवरून आलंय वगैरे.

"संपूर्ण नऊ यार्ड" असं शब्दाला शब्द भाषांतर मात्र करू नका प्लीज, एका सबटायटलमध्ये मी हे वाचलंय आणि पुढचा सीनच बघू शकले नाही.

वापरताना काय सांभाळायचं?

हा बोलण्यातला, मोकळा वाक्प्रचार आहे, बॉसला मेलमध्ये चालेल, थिसिसमध्ये नको. "द" आणि "होल" दोन्ही हवेत, नुसतं "नाइन यार्ड्स" म्हटलंत तर कापडवालाच वाटाल. यार्डचं अनेकवचन विसरू नका. आणि भारतात एक वेगळाच घोळ आहे, इन्स्टावर साड्या विकणाऱ्या बायका सहावारीला सर्रास "सिक्स यार्ड्स" म्हणतात, त्यामुळे तुम्ही अमेरिकेतल्या क्लायंटला होल नाइन यार्ड्स म्हणालात तर तो बरोबर समजेल पण शेजारच्या टेबलवरची मैत्रीण विचारेल कुठून घेतलीस.

ग्रुपवर कोणी परत तो फॉरवर्ड टाकला तर काय उत्तर देऊ?

तुमच्या ग्रुपचं तुम्ही बघा. मी आमच्या आत्याला समोर बसवून हे सगळं सांगितलं, मिचेल, माउंट व्हर्नन, सगळं, म्हणजे होल नाइन यार्ड्सच. तिने शांतपणे ऐकलं आणि तिला फक्त एका गोष्टीत रस होता. "नऊ वारात तीन शर्ट म्हणजे एका शर्टाला तीन वार? मग पन्हा लहान असणार त्या कापडाचा. आणि ती बाई मूर्ख नव्हती, तिला कोणी मापच दिलं नसेल." एकशे सत्तर वर्षांत त्या बाईची बाजू घेणारी बहुतेक हीच पहिली.

या पाडव्याला सकाळी सात वाजता फॅमिली ग्रुपवर तोच फॉरवर्ड आला, बुलेट, नथ, सगळं तेच, पाठवणारी आत्याच. फक्त खाली तिने स्वतः एक ओळ टाइप केली होती: "सहावारीचं पण आहे म्हणे."